‘आई, हे बघ ना’ असं म्हणता आलं पाहिजे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. नवा गणवेश, पाठीवर दप्तर, गळ्यात ओळखपत्र, मागे शाळेची पाटी. खाली ओळ असते, ‘आमची परी आजपासून पहिलीत!’ क्षण कौतुकाचाच आहे आणि कौतुक व्हायलाच हवं. पण हाच फोटो एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने पाहा. दोन बोटांनी ओळखपत्र मोठं केलं की मुलीचं पूर्ण नाव, तुकडी आणि वडिलांचा मोबाईल नंबर वाचता येतो. पाटीवरून शाळा कळते. बाजूला उभ्या असलेल्या व्हॅनचा नंबर दिसतो. घरातलं लाडाचं नाव तर आपणच लिहून दिलेलं असतं. उद्या शाळेच्या फाटकाशी कुणी म्हणालं, ‘परी, चल, बाबांनी पाठवलंय मला,’ तर सहा वर्षांच्या मुलीने त्याच्यावर संशय तरी का घ्यावा?

म्हणून सोशल मीडियाच्या सुरक्षिततेचा पहिला धडा पालकांनी गिरवायचा आहे. मूल स्वतःचं खातं उघडतं त्याच्या कितीतरी आधी त्याचं नाव, चेहरा आणि शाळा आपण जगाला सांगून बसलेलो असतो. मुलांना शिकवायचे धडे त्यानंतर येतात. त्यात पासवर्ड आहेत, सेटिंग आहेत, ब्लॉकचं बटण आहे. हे सगळं आलंच पाहिजे. पण या सगळ्याहून मोलाची एक गोष्ट आहे: काही विचित्र घडलं तर मुलाने पहिली धाव घराकडे घेतली पाहिजे. ‘सांगितलं तर मार पडेल, मोबाईल काढून घेतील’ ही भीती मुलाच्या मनात असेपर्यंत कुठलंही कुलूप पुरं पडत नाही. या लेखातल्या बाकीच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीच्या आधाराने वाचाव्यात.

प्रश्न शहरापुरता नाही

‘आमच्याकडे खेडेगावात कुठलं आलंय हे?’ असं अजूनही काही पालकांना वाटतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल ग्रामीण भारताबद्दलच आहे. त्यानुसार १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांमध्ये एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे सुमारे ६२ टक्के मुलांनाच माहीत होतं, तर आपलं खातं प्रायव्हेट कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. म्हणजे फोन हाताळायला मुलं आपली आपण शिकली, सांभाळून वापरायला मात्र अनेकांना कुणी शिकवलंच नाही. ही मोठी मुलं झाली. त्यांची पाच ते बारा वर्षांची धाकटी भावंडं त्याच फोनमध्ये डोकावत असतात, आणि शिकवण्याची खरी वेळ तीच आहे.

आधी आपल्या हाताला शिस्त

मुलाचा फोटो टाकण्याआधी चार गोष्टी तपासा. गणवेश, ओळखपत्र, शाळेची पाटी, घराचा किंवा गाडीचा नंबर दिसतोय का? आंघोळ घालतानाचा, उघड्या अंगाचा फोटो आहे का? बाळ कितीही लहान असो, असा फोटो घराबाहेर जाता कामा नये. मूल आत्ता कुठे आहे हे त्यातून कळतंय का? गावाला निघाल्याचा फोटो परत आल्यावरही टाकता येतो. आणि चौथी गोष्ट, मूल चार-पाच वर्षांचं झालं असेल तर त्याला विचारलं का? ‘हा फोटो मावशीला पाठवू का?’ असं आपण रोज विचारत गेलो, तर फोटो ही विचारून देण्याघेण्याची गोष्ट आहे हे मूल न शिकवता शिकतं. पुढे कुणी त्याच्याकडे फोटो मागितला तर ‘नाही’ म्हणायची सवयही इथेच लागते.

आजी-आजोबा, काका-मामा यांनाही हे प्रेमाने सांगा. नातवाचा रडतानाचा किंवा ओरडा खातानाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गंमत म्हणून फिरतो, आणि तिथून कुठे जातो हे कुणाच्याच हातात राहत नाही. एखाद्या साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून बनावट अश्लील चित्र तयार करणं एआयमुळे आता सोपं झालं आहे. म्हणून फोटो थोडे, जवळच्यांपुरते, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद.

तेरा वर्षांची अट आणि खोटी जन्मतारीख

पालकसभांमध्ये हमखास विचारलं जातं, ‘इन्स्टाग्राम कोणत्या वर्षी द्यायचं?’ बहुतेक अॅप तेरा वर्षांची अट सांगतात. ही अट आली कुठून ते माहीत असलेलं बरं. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला त्याने कंपन्यांना मनाई केली. तेव्हापासून कंपन्यांनी तेरा हा आकडा धरला. तेराव्या वर्षी मूल या जगासाठी तयार होतं, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो. मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्याने बंधनकारक केली आहे, आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवायलाच बंदी केली.

आपल्या घरात मात्र अनेकदा उलटं घडतं. दहा वर्षांच्या मुलाला रील बघायचे असतात, तो हट्ट धरतो आणि आपणच जन्मसाल २००० टाकून खातं उघडून देतो. त्या क्षणी अॅपच्या लेखी तो प्रौढ माणूस होतो. इन्स्टाग्रामने १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळी खाती ठेवली आहेत. ती आपोआप प्रायव्हेट असतात, ओळख नसलेल्यांना त्यांना मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. खोटी तारीख टाकली की यातलं एकही संरक्षण उरत नाही. शिवाय नियम खोटं बोलून मोडता येतो, हे मूल आपल्याच शेजारी बसून शिकतं. तेरा पूर्ण होईपर्यंत स्वतःचं खातं नको, आणि पुढे उघडाल तेव्हा जन्मतारीख खरीच टाका.

आईचा फोन मुलाच्या हातात

आपल्याकडे लहान मुलांचा फोन बहुधा आईचा किंवा बाबांचाच असतो. त्यात बँकेचे मेसेज असतात, यूपीआय असतं, सगळ्यांचे नंबर आणि फोटो असतात. म्हणून एका निवांत संध्याकाळी तासभर बसा आणि पुढची कामं उरकून टाका.

• गाणी-गोष्टी बघण्यासाठी यूट्यूब किड्स वापरा. त्यात शोधण्याची सोय बंद करून फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल दाखवता येतात.

• फोन देताना एकच अॅप उघडं राहील असं करा. अँड्रॉइडमध्ये ‘अॅप पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गायडेड अॅक्सेस’ यासाठीच आहे. त्यात पिन मागण्याचा पर्याय सुरू ठेवला की पिन टाकल्याशिवाय मूल दुसरीकडे जाऊ शकत नाही.

• यूपीआय आणि गॅलरीला कुलूप लावा. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल असं सेटिंग ठेवा.

• व्हॉट्सअॅपच्या ‘प्रायव्हसी’मध्ये जाऊन ‘ग्रुप्स’ आणि ‘प्रोफाइल फोटो’ या दोन्ही ठिकाणी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. तिथेच ‘कॉल्स’मध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय आहे. ‘अकाउंट’मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा.

• मुलासाठी वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं ‘फॅमिली लिंक’ जोडा. अॅप उतरवायला तुमची परवानगी लागेल आणि वेळेची मर्यादाही घालता येईल.

• गेममधलं चॅट आणि व्हॉइस चॅट बंद करा. पालक सोशल मीडियावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि गेमकडे कानाडोळा करतात, पण अनोळखी माणूस तिथेही तितक्याच सहज भेटतो.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. चोरून लावलेलं कुलूप कळलं की ते फोडायची हुक्की येते. का लावलं हे सांगितलं, तर निदान भांडण समोरासमोर होतं.

वयाप्रमाणे मोकळीक

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, कमरेला दोर लावतात आणि बाप स्वतः पाण्यात उतरतो. पुढे दोर सुटतो, मग डबा सुटतो, पण तोवर मुलाचे हातपाय चालायला लागलेले असतात. फोनचंही असंच करायला हवं.

सहा वर्षांपर्यंत फोन मोठ्यांच्या शेजारी बसूनच बघायचा. पडदा सगळ्यांना दिसेल असा हवा, आणि कानाला हेडफोन नको. या वयात एकच गोष्ट पक्की करायची: काही भीतिदायक किंवा नागडं-उघडं दिसलं तर फोन उलटा ठेवायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. ‘आई, हे बघ ना’ एवढं म्हणता आलं की या वयाचा अभ्यास झाला. आणि मूल असं म्हणालं की काय वाटेल ते करून पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच तोंडातून निघू द्या.

सहा ते दहा या वयात नियम समजतात आणि खेळ आवडतात. म्हणून घरी ‘गुप्तहेर’ खेळा. स्वतःचाच एखादा फोटो मुलाला द्या आणि म्हणा, ‘यावरून माझ्याबद्दल काय काय शोधून काढता येईल?’ पाठीमागची दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, केकवरचा वाढदिवस हे सगळं मुलं झपाट्याने हेरतात. मग त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच वयात सरप्राइज आणि गुपित यांतला फरक शिकवा. आजीच्या वाढदिवसाचं सरप्राइज चार दिवसांनी सगळ्यांना कळणार असतं आणि त्याने सगळे खूश होतात. जी गोष्ट ‘कधीच कुणाला सांगायची नाही’ असं एखादा मोठा माणूस म्हणतो, ती त्याच दिवशी घरी सांगायची.

दहा ते तेरा हे वय सर्वांत नाजूक. मित्रांकडे फोन असतो, रीलमधले डायलॉग तोंडपाठ असतात आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. इथे उपदेशापेक्षा प्रश्न कामाला येतात. ‘हा माणूस एवढी बक्षिसं फुकट का वाटत असेल?’ ‘त्याचा फोटो खरा आहे हे कसं ओळखायचं?’ उत्तर त्यांना शोधू द्या. आठवड्यातून एकदा तरी त्यांना तुमचे शिक्षक करा आणि त्यांचं आवडतं चॅनेल किंवा गेम त्यांच्याकडून समजून घ्या. जे आपल्याला कौतुकाने दाखवलं जातं, ते लपवावं लागत नाही.

एका कागदावर मुलाच्याच अक्षरात पाच नियम लिहून फ्रिजवर लावता येतील:

१. माझं पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोन नंबर, पासवर्ड आणि ओटीपी मी कुणालाही लिहून देणार नाही.
२. ज्याला मी किंवा आई-बाबा प्रत्यक्ष भेटलेलो नाही, तो कितीही गप्पा मारत असला तरी अनोळखीच.
३. कुणीही फोटो मागितला किंवा कॅमेरा सुरू करायला सांगितलं तर मी आधी घरी विचारणार.
४. ‘घरी सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं, तर मी तेच आधी सांगणार.
५. माझ्याकडून चूक झाली तरी मी सांगणार. आई-बाबा ऐकून घेणार.

पाचव्या नियमाखाली आई-बाबांनीही सही करायची, आणि सही केली की शब्द पाळायचा.

जाळं कसं टाकतात

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढं सांगून भागत नाही, कारण जाळं टाकणारा अनोळखी वाटतच नाही. गेममध्ये तो पहिल्यांदा म्हणतो, ‘भारी खेळतोस तू!’ मग विचारतो, ‘कितवीत आहेस? मी पण सहावीत.’ मग गेममधली एखादी महागडी वस्तू फुकट देतो. आता उपकार झाला, मैत्री झाली. मग म्हणतो, ‘इथे नेट नीट चालत नाही, व्हॉट्सअॅपवर ये.’ इथे तो मुलाला चार लोकांतून एकांतात नेतो. पुढे विचारतो, ‘फोन तुझा की मम्मीचा? मम्मी आता जवळ आहे?’ मग येतं, ‘चॅट डिलीट करत जा, तुझ्या घरचे ओरडतील.’ या एका वाक्यात तो स्वतःला मुलाच्या बाजूचा ठरवतो आणि आई-बाबांना विरोधी पक्षात बसवतो. त्यानंतर फोटो मागितला जातो. एक फोटो गेला की भाषा बदलते: ‘अजून पाठव, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकीन.’

यातली प्रत्येक पायरी मुलांना गोष्टीसारखी सांगा आणि विचारा, ‘यात तुला कुठे पहिल्यांदा खटकलं?’ मुलं बरोबर बोट ठेवतात. मुलगा असेल तरी सांगा, कारण अशी फसवणूक मुलग्यांचीही होते आणि लाजेपोटी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि हेही लक्षात घ्या की धमकी देणारा माणूस ‘मुलगा घरी सांगणार नाही’ या एकाच गोष्टीच्या भरवशावर असतो. तो भरवसा मोडणं आपल्या हातात आहे.

वर्गाचा ग्रुप

धोका दरवेळी परक्याकडूनच येतो असं नाही. वर्गातल्या एकाच्या चेहऱ्याचं स्टिकर बनवून ते ग्रुपवर फिरवणं, एखादीला वगळून वेगळा ग्रुप करणं, रंगावरून, जाडीवरून, आडनावावरून चिडवणं हे सहावी-सातवीपासूनच दिसतं. ज्याच्यावर ही वेळ येते ते मूल शाळेत जायला पोट दुखतं म्हणतं, जेवत नाही, फोन वाजला की दचकतं किंवा पडदा झाकतं. ही लक्षणं ओळखा. आपलं मूल चिडवणाऱ्यांपैकी असू शकतं, हेही मनात ठेवा. तसं कळलं तर पाठीशी घालू नका आणि चारचौघांत अपमानही करू नका. ज्याला दुखावलं त्याची समक्ष माफी मागायला लावा. ‘तोंडावर बोलणार नाही ते टाइपही करायचं नाही’ आणि ‘कुणाची खिल्ली माझ्यापर्यंत आली तर ती पुढे जाणार नाही’ ही दोन वाक्यं मुलांना चटकन पटतात.

काही घडलंच तर

पहिल्या दहा मिनिटांत आपण काय करतो यावर पुढचं बरंच काही ठरतं. आवाज चढवू नका. ‘तू असं केलंसच कसं?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘चूक त्याची आहे, तुझी नाही. आता आपण मिळून बघू,’ असं म्हणा. मग हे करा:

• धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, त्याच्याशी वाद घालू नका. एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते.

• घाईने काही डिलीट करू नका. मेसेज, खात्याचं नाव, लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग त्या अॅपवर रिपोर्ट करून ब्लॉक करा.

• मुलाचा आक्षेपार्ह फोटो ‘पुरावा’ म्हणून कुठल्याही ग्रुपवर किंवा नातेवाइकाला पाठवू नका. अशी सामग्री पुढे पाठवणं हा गुन्हाच आहे, आणि ती बघणं-साठवणंही गुन्ह्यात मोडू शकतं हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या.

• पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालते.

• अठरा वर्षांखालच्या मुलाचा खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याची फक्त डिजिटल खूण तयार होते आणि तिच्यावरून फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या तो फोटो शोधून हटवू शकतात.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला पालक कचरतात, म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेशात असायचं नसतं. मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे. मुलाचं अश्लील चित्र एआयने बनवलेलं, खोटं असलं तरी ते पसरवण्याची धमकी देणं हा गुन्हाच आहे. आणि असा गुन्हा माहीत असूनही न कळवणं हादेखील गुन्हा आहे. तेव्हा ‘शाळेची बदनामी होईल, मिटवून टाका’ असं कुणी सुचवलं, तर त्याला हे कलम ऐकवा.

चार घरांनी मिळून

शेवटची अडचण प्रत्येक पालकाच्या परिचयाची असते: ‘सगळ्यांकडे आहे, फक्त मलाच नाही.’ एका घराने लावलेली शिस्त शेजारच्या घरात गेल्यावर ढिली पडते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर २०२२ साली आपला मार्ग काढला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजेल आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला-बोलायला बसतील, असा ठराव गावाने केला. भोंगा मुलांइतकाच आई-बाबांसाठीही होता, म्हणून मुलांना तो अन्याय वाटायला जागा राहिली नाही.

प्रत्येक सोसायटीत भोंगा वाजवण्याची गरज नाही. पण मुलाच्या चार जवळच्या मित्रांच्या पालकांनी एकत्र बसून तीन गोष्टी नक्की ठरवता येतील: तेरा पूर्ण होईपर्यंत कुणालाही स्वतःचं खातं नाही, रात्री जेवल्यानंतर सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात, आणि एकमेकांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. पुढच्या पालक-शिक्षक सभेत हा विषय मांडा. वर्गशिक्षकांना विनंती करा की ‘गुप्तहेर’ खेळाचा एक तास वर्गातही घ्यावा. १९३० आणि १०९८ हे दोन नंबर शाळेच्या फळ्याशेजारी लावून घ्या. आणि आज रात्री मुलाला जवळ घेऊन एवढं सांगा: ‘फोनवर काहीही झालं, कुणाचीही चूक असली, अगदी तुझी असली तरी मला सांग. मी आधी ऐकून घेईन आणि सांगितल्याबद्दल फोन काढून घेणार नाही.’